राक्षसाचा खोकला

बसथांब्यावरचा बाक आखूड होता, त्यामुळे शेजारच्या बाप-लेकीचं बोलणं कानावर पडणारच होतं. मुलगी विद्यापीठात कॉम्प्युटर गेम बनवायला शिकत होती. शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन पाहून दोघं निघाली होती.

"पहिला नंबर आलाय माझ्या गेमला. काहीतरी बोला ना, बाबा."

"खेळलो मी. अंधारं घर, आणि राक्षस शोधत येतो."

"तो दिसत नाही, तरी अंगावर काटा येतो म्हणाले सर. सगळी कमाल आवाजाची."

"जिन्यावर पावलं, मग किल्ल्या आपटतात, मग खोकला."

"आवाज आम्हाला स्वतःच रेकॉर्ड करावे लागतात. आयते चालत नाहीत."

"तो खोकला माझा आहे."

"हो."

"बापाचा राक्षस करून चारचौघांत मांडलास? पोटाला चिमटा काढून शिकवलं तुला!"

"शिकवलंत ना. म्हणून तर जमलं."

"हात तरी कधी उचलला का गं मी?"

"गरजच नाही पडली. किल्ल्या आपटल्या की पुरायचं."

"बरं, मग त्याला मारायचं कसं? मला काही जमलं नाही."

"मारता येत नाही, बाबा. तो झोपेपर्यंत लपून राहायचं."

"लपायलाच गेलो होतो. कपाट उघडलं, तर आत आधीच एक बाई बसलेली."

"हो. आई नेहमी माझ्या आधी पोचायची."