शेवाळाचा चोथा आणि तांब्याचा गडू

मी सुनंदा, मूळची देवगडची, बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि लग्न होऊन आले ती इंग्लंडात लीड्सला, कारण आमचे डॉक्टर, म्हणजे आमचे हे हो, इथल्या हॉस्पिटलात. मग काय, वीस वर्षं केमिस्ट्री केली ती फक्त ओव्हनमध्ये. मुलं युनिव्हर्सिटीला गेली, घर खायला उठलं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मला पहिली नोकरी लागली, लॅब टेक्निशियनची, सहा महिन्यांची टेम्पररी. गळ्यात आयडी कार्ड, त्यावर माझं स्वतःचं नाव, काय सांगू तुम्हाला, मी ते कार्ड घालून टेस्कोला भाजी आणायला पण जायचे.

आमच्या बॉस मार्गारेटबाई. मला मार्गारेट म्हण असं त्या रोज सांगायच्या आणि माझी जीभ काही वळायची नाही, वयाने मोठ्या ना त्या. काम काय, तर आईस्क्रीम घट्ट करायला समुद्रातल्या शेवाळातून एक चीक काढतात, तो काढल्यावर जो चोथा उरतो तो फेकून देतात, तर त्या चोथ्याने घाण पाण्यातलं शिसं, तांबं असले मेटल्स ओढून घेता येतात का बघायचं. आमच्या देवगडला शेवाळावरून घसरून पडण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नव्हता, आणि इथे त्याला फ्रिज!

तर हा चोथा आधी ॲसिडने धुवायचा, मग पाण्यात भिजत ठेवायचा. एकदा बीकर सगळे वॉशरमध्ये, आणि मी घरून तांब्याचा गडू आणलेला, आमच्याकडे प्यायचं पाणी त्यातच लागतं. मटकी भिजत घालावी तसा मी चोथा गडूत भिजत घातला. सकाळी बघते तर गडू आतून असा लखलखीत, चिंचेने घासून घासून माझ्या आईला जमला नसता. मी खूश! मग तीन आठवडे मी चोथा गडूतच भिजवला, बीकर रिकामे असले तरी.

आणि रिझल्ट काय, तर चोथा घालण्याआधी घाण पाण्यात तांबं थोडं, घातल्यावर जास्त. मार्गारेटबाई तांबं मोजायच्या मशीनवर चिडल्या, इंजिनियर बोलावला, तो बिचारा दोन दिवस मशीन उघडून बसला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, हे जास्तीचं तांबं माझ्या गडूचं! घरी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, अगं गप्प बस, मशीनला कुठे तोंड आहे. पण मला झोप लागेना, आपली चूक आणि बोलणी खातंय मशीन. नोकरीचे दोनच आठवडे उरलेले, म्हटलं हाकलतील ते हाकलतील, कार्ड गेलं तर गेलं. डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला बोलू.

सकाळी गडू त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मार्गारेटबाई गडूत वाकून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, म्हणजे चोथ्याने एवढं तांबं भांड्यातून ओढलं? मग तो काम करतोय! आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की इंजिनियर स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात आला. मग एकदम गंभीर झाल्या आणि विचारलं, सुनंदा, हे सगळं परत करायला किती दिवस लागतील? म्हटलं, तीन आठवडे. आणि तुझं कॉन्ट्रॅक्ट किती उरलंय? म्हटलं, दोन. त्यांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाल्या, मग वाढवायलाच हवं, हा घोळ निस्तरायला दुसरं कोण येणार?

ते वाढलं ते वाढतच गेलं, आज चार वर्षं झाली. डॉक्टर अजून म्हणतात, चूक करून नोकरी टिकवणारी तू एकटीच. असेन बाई. माझं ऐकाल तर, चुका तर होणारच, तुमच्याही अशाच कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आत होवोत.