ग्रेटाची जागा

आई : ...आणि कॉफी गार करू नकोस, कोरिन. चाळीस मैल बर्फातून गाडी हाकत आलीस पोरी. बास्केटबॉलच्या बाकीच्या पोरींनी नुसते फुगे पाठवले.

ग्रेटा : फुगे चांगले होते, आई.

आई : फुगे काय करायचेत? मंगळवारी ऑपरेशन, आणि घरात फुगे. जाऊ दे. मी गाईंचं बघून येते. बसा तुम्ही बोलत.

(दार लागतं.)

ग्रेटा : शनिवारी कितीनं हरलो?

कोरिन : एकोणीस पॉइंटनी. सेंटरला टेसा होती. समोरच्या पोरीच्या खांद्याला लागत होती बिचारी. येताना बसमध्ये सगळा रस्ता रडली. म्हणे, ग्रेटाच्या जागेवर उभं राहिलं की चोरी केल्यासारखं वाटतं.

ग्रेटा : तिला म्हणावं, उड्या मारू नकोस. पाय रोवून उभी राहा. तिची उडी उशिरा येते.

कोरिन : सांगते. पोरींनी दंडावर तुझा नंबर लिहून घेतला होता, चव्वेचाळीस. सगळ्यांनी. मी सोडून.

ग्रेटा : टेसा म्हणाली फोनवर. कोरिन दगड आहे म्हणाली. मी म्हटलं, तिचं तसंच असतं, आतल्या आत कुढते ती.

कोरिन : माझी बाजू घेऊ नकोस गं.

ग्रेटा : का?

कोरिन : कोच हॅलिंग चालल्यात. सीझन संपला की. काल प्रॅक्टिसनंतर आम्हाला सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. म्हणाल्या, त्या दिवशी प्रॅक्टिसला मी तुम्हाला पाऊण तास जास्त पळवलं, तुमच्या पायांत त्राण नव्हतं, म्हणून कोरिन घसरली आणि ग्रेटाचा गुडघा गेला. असं करणाऱ्या माणसानं गळ्यात शिट्टी घालू नये म्हणाल्या.

ग्रेटा : काहीतरीच. सव्वीस वर्षं शिकवतायत त्या. कोण कधी घसरेल, ते काय त्यांच्या हातात आहे?

कोरिन : मी घसरले नाही.

ग्रेटा : म्हणजे?

कोरिन : घसरले नाही, ग्रेटा. कोचनी नुकतंच सांगितलं होतं ना, शनिवारी शेवटचा बॉल ग्रेटाकडे द्यायचा. दरवेळी तुझ्याकडेच. आणि त्या शनिवारी माझे बाबा येणार होते बघायला. घर सोडून गेल्यापासून पहिल्यांदा, आठ वर्षांनी. माझं डोकं फिरलं होतं. तू बॉलसाठी उडी मारलीस आणि तू जिथे उतरणार होतीस, तिथे मी पाय टाकला. मुद्दाम. वाटलं, अडखळशील, बॉल सुटेल, कोच एकदा तरी तुझ्यावर ओरडतील. एवढंच वाटलं होतं. मग तो आवाज आला.

ग्रेटा : आवाज मीही ऐकला.

कोरिन : हो.

ग्रेटा : तू माझं डोकं मांडीवर घेतलं होतंस.

कोरिन : हो.

ग्रेटा : ॲम्ब्युलन्समध्ये हात धरून बसली होतीस. मी तुला म्हटलं, तुझी काही चूक नाही. दोनदा म्हटलं.

कोरिन : तीनदा.

ग्रेटा : आणि तू ऐकून घेतलंस.

कोरिन : ग्रेटा...

ग्रेटा : रडू नकोस. तू रडलीस तर आई आत येईल आणि तुलाच जवळ घेईल. ते मला बघवणार नाही.

कोरिन : नाही रडत.

ग्रेटा : आले होते का? बाबा?

कोरिन : आले. मध्यंतरापर्यंत थांबले. नंतर खुर्ची रिकामीच होती.

ग्रेटा : अजून कोणाला सांगितलंयस हे?

कोरिन : कोणालाच नाही. आधी तुला सांगायचं होतं.

ग्रेटा : नऊ दिवसांनी. आणि कोच जात नसत्या तर?

कोरिन : तर... माहीत नाही. सांगितलं नसतं बहुतेक.

ग्रेटा : हे एक खरं बोललीस. कोच आत्ता कुठे असतील?

कोरिन : जिममध्ये. चारला टेसाला एकटीला बोलावलंय, तुझ्या जागी कसं खेळायचं ते दाखवायला.

ग्रेटा : मग ऊठ.

कोरिन : मला टीमबाहेर काढतील.

ग्रेटा : काढतील.

कोरिन : मला काढलं तर काढू देत. पण पोरींचं काय? आधी सेंटर गेली, आता मी, गार्ड. दोन मॅच उरल्यात.

ग्रेटा : दोन्ही हरतील. कोच गेल्या तर पुढच्या वर्षीच्या पोरीही हरतील, आणि त्यांनी तर काहीच केलेलं नाही. तो निळा कोट दे. खुंटीवरचा.

कोरिन : तू कशाला? डॉक्टरांनी तुला...

ग्रेटा : डॉक्टरांनी पाय सरळ ठेवायला सांगितलंय. घरात बसायला नाही सांगितलं. कोट दे.

कोरिन : ग्रेटा, तू मला...

ग्रेटा : नाही. माफ करायला येत नाहीये मी. ते मला जमेल का, मला ठाऊक नाही. मंगळवारनंतर पाय कसा होतो तेही ठाऊक नाही. पण तू एकटी गेलीस तर जिमच्या दारातून परत फिरशील. मी ओळखते तुला.

कोरिन : फिरेन, खरंय. आणि तुझ्या आईला काय सांगायचं?

ग्रेटा : तिला मी सांगेन, माझं मी. आत्ता म्हण, टेसाला भेटायला चाललोय. कुबड्या इकडे सरकव.

कोरिन : पुढची सीट पार मागे घेते तुझ्यासाठी.

ग्रेटा : नको, मागेच आडवी बसते. आणि गाडी हळू चालव. जरा हादरा बसला तरी फार दुखतं.