अक्कानं वाचलेलं टॅरोचं पान

तुमी मले टॅरोवाली म्हणून चिडवता ना, तर माह्या पहिल्या गिऱ्हाइकाचं ऐका. गिऱ्हाईक म्हणजे माही सख्खी अक्का. आमचे बाबा खाणीत होते. त्यांनी बेल्लमपल्लीत बांधलेल्या घरात, त्यांच्या मागं, आता ती एकटीच राह्यते. पोरगा हैदराबादले कायमची ये म्हणून मागं लागलेला, अन तिचं काही ठरेना.

"काढ एक पान," म्या म्हटलं. ऑनलाइन क्लास करून मले सगळी चिन्हं तोंडपाठ होती.

निघाला संन्याशी. दाढीवाला म्हातारा, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात काठी.

"पाह्य अक्का, कंदील म्हणजे ज्ञान. काठी म्हणजे अनुभवाचा आधार..."

"अवं थांब. हे तं आपले बाबा होत."

"बाबाले दाढी कुठं होती?"

"दाढी सोड. सेकंड शिफ्टवरून असेच येत ना? हातात बॅटरी, अन काठी कुत्र्यासाठी."

क्लासात कुत्र्याचं कोणी शिकवलंच नव्हतं. पण खरं सांगते, मलेबी फाटकाची कडी वाजल्यासारखी वाटली. तरी हट्टानं म्हटलं, "येऊन राह्यले कशावरून? ड्युटीवर जाऊनबी राह्यले असतील."

"मान खाली हाय, पाह्य. इतका दमलेला माणूस घरीच येते."

मंग तिनंच विचारलं, "तुह्या क्लासात काय अर्थ सांगतेत?"

"एकटं राहा म्हणतेत."

"मंग झालं तं. मी नाई जात हैदराबादले." अक्कानं पान उचलून देवाजवळ ठेवलं. "पण तुह्या मॅडमले सांगजो, एकटी नाई म्हणा."