सोडून राहिलो

तुम्ही लोक माझ्या समुपदेशनाच्या सर्टिफिकेटाले हसू नका, ते मी व्याकरणाच्या जोरावर मिळवलं आहे.

पांढुर्ण्याले ट्रेनिंग होतं, माणसाची सवय कशी बदलायची याचं. शिकवणारे सर पुण्याचे. शेवटच्या दिवशी त्यायनं हॉलचे चपराशी वासुदेवभाऊ समोर बसवले आणि तंबाखूचा खर्रा सोडा म्हणून अर्धा तास समजावलं. भाऊ म्हणाले, "हो सर, सोडून राहिलो."

सर खूश. "पाहा, सुटली सवय!"

मी फस्सकन हसली. आमच्या बोलीत 'सोडून राहिलो' म्हणजे 'सोडतो आहे', 'सोडला' नाही. सर तापले. "मग तुम्ही करून दाखवा, नाहीतर सर्टिफिकेट विसरा."

मी विचारलं, "भाऊ, सकाळी हॉलच्या चावीसाठी फोन केला, तं तुम्ही काय म्हटलं?"

"येऊन राहिलो."

"तवा होते कुठं?"

भाऊ लाजले. "तिगावले, घरी. खाटेवर."

"मंग खर्रा?"

भाऊनं खिशातून पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. "घ्या मॅडम. सोडला."

संध्याकाळी सर्टिफिकेट घ्यायले गेली, तं त्यावर सहीच नव्हती. सर हसून म्हणाले, "करून राहिलो."

मी हात पुढेच ठेवला. "नाही सर. 'केली' म्हणा."