नळाला स्वतः हात, बोलायला मावशी

न्हाणीघरातला नळ भिंतीतून सुटून माझ्या हातात आला, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं.

अध्यक्ष महाराज मान हलवतायत. बरोबर आहे, आधी रीत. आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या इमारतीतले निवृत्त मुख्याध्यापक. व्यासपीठावर विराजमान सचिवकाका आणि खजिनदारकाकू. पहिल्या रांगेत, हा आता काय बोलणार या धास्तीने बसलेले माझे आईबाबा. त्यांच्या शेजारी, कसलीच धास्ती न बाळगता बसलेली माझी मावशी. आणि चहा होईपर्यंत उठता येत नाही म्हणून बसलेल्या तमाम रहिवासी बंधू-भगिनींनो!

ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय, त्या मिस्त्रीबाईंची खुर्ची रिकामी आहे, हे तुम्ही पाहताच आहात. आपले नळ, टाक्या आणि पंप सांभाळणाऱ्या या बाई उद्या दुसऱ्या गावी, एका मोठ्या इस्पितळाच्या नोकरीवर निघाल्यात. आणि पंपाने नेमका आजचाच मुहूर्त साधला! हार-तुरे बाजूला ठेवून त्या पाना घेऊन खाली गेल्या. "त्या येईपर्यंत कोणीतरी बोलत राहा," असं सचिवकाका म्हणाले आणि मी हात वर केला. पंपाला मी काहीही केलेलं नाही. बाबा, असं बघू नका, खरंच नाही केलेलं.

तर तो नळ. ठिबकत होता. बाबा म्हणाले, "मिस्त्रीबाईंना निरोप देऊ." मी भडकलो. भडकणं हा माझा जोडधंदा आहे. मुख्य धंदा अजून सापडायचाय. कॉलेजातसुद्धा कार्यशाळेच्या सरांनी "कानस नीट धर" एवढंच म्हटलं, तर मी कानस ठेवून जो निघालो तो परत फिरकलो नाही. अशा मानी माणसाने एका वॉशरसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं? "आपला हात जगन्नाथ!" असं गरजलो आणि पाना लावला.

आधी मागून पाणी बंद करायचं असतं. अभ्यासक्रमात असणार ते. पण त्या धड्यापर्यंत मी टिकलो कुठे? नळ हातात, फवारा छातीवर! मी भिंतीतल्या भोकात अंगठा खुपसला. आई घाईघाईत बादलीऐवजी वाटी घेऊन धावली आणि ओरडत राहिली, "बाळा, हलू नकोस रे, काही झालं तरी हलू नकोस!"

मिस्त्रीबाई आल्या. दारातून एकदा पाहिलं, आत येऊन हात वर केला आणि माझ्या डोक्यावरचा कॉक फिरवला. पाणी थांबलं. मी तसाच उभा.

"आता अंगठा काढलात तरी चालेल," त्या म्हणाल्या. "शिकता काय तुम्ही?"

"इंजिनियरिंग. म्हणजे... अर्धं."

"मग हे उरलेल्या अर्ध्यात असेल."

तेव्हापासून इमारतीत मी 'अर्धे इंजिनियर'. पण सज्जनहो, ओल्या सदऱ्यात उभं राहून बाईंचा तो टोला ऐकताना मला काय वाटलं, ते कोणत्या शब्दांत सांगू? पाणी थांबलं होतं आणि मी वाहून चाललो होतो.

पुढे आमच्या घरात काय काय फुटलं, ते खालच्या मजल्यावरच्या छताला विचारा. मी मुद्दाम मोडतोड करतो, असा एक प्रवाद आहे. तो मी ठामपणे फेटाळतो. दर वेळी मी दुरुस्त करायलाच गेलो होतो. मोडणं हे माझं अंगभूत कौशल्य आहे. स्वयंपाकघरातल्या मोरीचा पाईप बघून बाईंनी विचारलं, "हा कोणी आवळला?"

"मी."

"आवळलात, की सूड उगवलात?"

शेवटी कंटाळून त्यांनीच समजावलं. "हे बघा, आधी कॉक शोधायचा. ज्याचं पाणी तुम्हाला बंद करता येतं, ते काम खुशाल घरी करून बघा. जे बंद करता येत नाही, तिथे शहाणपणा नको, जाणकार माणूस बोलवा."

किती सोपं! मी लगेच मनातला कॉक शोधायला गेलो. सापडेना. त्या जिन्यात दिसल्या की जे सुरू व्हायचं, ते काही केल्या बंद होईना. म्हणजे नियमाप्रमाणे जाणकार बोलावणं आलं. आणि आमच्या अख्ख्या खानदानात सोयरिकी जुळवणारी जाणकार एकच, ती ही मावशी. बाई गाव सोडतायत हे कळलं आणि काल मी तिला पंपाच्या खोलीत पाठवलं. ती परत येईपर्यंत गादीखाली लपायचं तेवढं बाकी होतं.

"काय म्हणाल्या?"

"पोरगी फटकळ आहे."

"मावशी, पण म्हणाल्या काय?"

"हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. म्हणाली, नळ फुटला की स्वतः हात घालतात, आणि इथे मावशी पाठवतात?"

हसा, हसा. मी कालपासून स्वतःवर इतका भडकलोय की आता सोडून जायला कॉलेजही उरलेलं नाही. म्हणून आज ठरवलं होतं, या माइकवरून त्यांच्या कामाचं असं गुणगान करायचं, की बाकीचं त्यांनीच समजून घ्यावं. आणि झालं काय? ज्यांना सांगायचं त्यांना सोडून सगळ्या इमारतीला कळलं!

काय म्हणालीस, मावशी? "मेल्या, मग आम्हाला काय सांगत बसलायस, खाली जा"? मावशी, भर सभेत 'मेल्या' म्हणू नये. मुद्दा मात्र मान्य आहे.

ऐकलंत? पंप सुरू झाला. आता त्या वर येतील, हार घातले जातील, टाळ्या होतील, उद्या गाडी निघेल, आणि मी असाच भाषण करत उभा असेन. अध्यक्ष महाराज, ही घंटी वेळ संपल्याची, की 'जा' म्हणून? 'जा' म्हणून? आपले उपकार विसरणार नाही.

नको, सचिवकाका, तुम्ही सोबत येऊ नका. बाबा, तुम्हीही बसा. बिघडलं तर माझ्या हातून बिघडू दे. नाही म्हणाल्या, तर वर येऊन निमूट खुर्च्या उचलेन; तेव्हा कोणी पाठीवरून हात फिरवू नका. हो म्हणाल्या, तर... तिथपर्यंत माझी तयारी नाही.

आपण एवढा वेळ मला सोसलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान ठेवायचा राहिला असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर अर्ध्या माणसाची पुरी चूक म्हणून पोटात घाला. आणि एक विनंती. जिन्यात बोललेलं सगळं या सभागृहात ऐकू येतं. म्हणून निघताना हे दार बाहेरून ओढून घेतोय. मावशी, कान लावू नकोस.

येतो. लावलं दार.