मिशीवरची साखर

—मिळणार नाही म्हटलं ना! सिनेमातला तो तीन मजली पांढरा केक आत आहे, पण विकायला नाही, बाबांच्या लग्नाचा आहे. हो, आजच. अभिनंदन कसलं करताय? बसा, म्युनिकहून एवढ्या लांब आलात, चहा देते.

कादंबरी वाचलीत का? नुसता सिनेमा? वाटलंच. अख्ख्या जर्मनीला शाळेत लावलेलं पुस्तक, आणि लोक सिनेमा बघून केक शोधत येतात! अहो, पुस्तकात तो पांढरा डोलारा नाहीच मुळी. आमच्याकडे लग्नाला आणि मर्तिकाला केक एकच — हा, ट्रेमधला. लोणी, बदाम, वर साखर. शेवटच्या प्रकरणात नायिका, टाल्के, नवऱ्याला पुरून येते, ह्याचा तुकडा तोंडात टाकते आणि हसत सुटते — का? तर लग्नात हीच साखर त्याच्या मिशीला चिकटली होती. हसता हसता रडते की रडता रडता हसते, लेखकाने सांगितलेलंच नाही! आणि सिनेमात? पाऊस, छत्र्या, व्हायोलिन. केक गायब.

आई दर नोव्हेंबरात ते पान मोठ्याने वाचायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा बाबांनी स्वतः हा केक भाजला. दफन करून आलो, बाबांनी घास घेतला — मिशीवर साखर! मी फिस्सकन हसले. बाबाही हसले. गेझा आत्या अशी बघत होती, जणू आम्हीच आईला मारलंय. बघू दे! मला वाटलं, चला, आईचं पान आम्हा दोघांना कळलंय.

मग सिनेमावाले आले, गर्दीत उभं राहायला गाव गोळा केलं. अंत्ययात्रेत दुसऱ्या रांगेत ढसाढसा रडणारा मिशीवाला पाहिलात ना? तेच आमचे बाबा! सख्ख्या बायकोला टिपूस नाही, आणि सिनेमातल्या वाळू भरलेल्या शवपेटीपुढे धारा! शेजारच्या बाईने रुमाल दिला — इम्के. आज तिच्याशीच लग्न. नाही हो, वाईट नाही ती. वाईट असती तर बरं झालं असतं.

मी विचारलं त्यांना. म्हणाले, ‘विब्के, तेव्हा तुझ्यासमोर रडलो असतो तर तू कोसळली असतीस.’ मोठ्यांचं हे बरं असतं! आम्हाला काय झेपेल ते परस्पर ठरवायचं. म्हणजे ते हसणं — ते माझी समजूत काढायला होतं? मी एकटीच हसत होते?

आणि आज हा केक नको म्हणे, लोकांना मर्तिक आठवेल. लोकांना! मी केलाच. नेऊन पुढ्यात ठेवणार, एक घास खायला लावणार. चिकटू दे साखर मिशीला, मग बघते कसे हसत नाहीत — खरं हसू, माझ्याकडे बघून — थांबा, आलेच ते. बाबा, हे पाहुणे म्युनिकहून —

बाबा, मिशी?

कधी काढलीत?

...

घ्या हो तुम्ही. अख्खा ट्रे घेऊन जा. पैसे नकोत म्हटलं ना — जा, दुकान बंद आहे.