केमला ठेवलेली अँबॅसिडर

आपल्या महेशला मागं खूळ लागलेलं. जुनी अँबॅसिडर घ्यायची, हळूहळू दुरुस्त करायची आणि एखाद्या शौकिनाला चढ्या भावानं विकायची. "रंगसुद्धा ओरिजिनल पाहिजे, त्यालाच किंमत," असं आम्हाला शिकवायचा. गाडी घेतली, पण सोलापुरात ठेवायला जागा नाही, म्हणून केमला सासऱ्यांच्या गोठ्याशेजारी लावून आला.

दिवाळीला आणायला गेला, तर गाडी ट्रॅक्टरसारखी लालभडक. आरशांना गोंडे, आणि मागच्या काचेवर बायकोचं नाव, 'सारिका'.

सासरे म्हणाले, "जावयाची गाडी आपल्या दारातनं तशीच पाठवायची व्हय? लोक काय म्हंतील?"

"पण मामा, जुना रंग..."

"लई खराब झाला हुता. खरवडून काढला की."

महेशनं नारळ फोडला आणि गाडी घेऊन आला.

परवा एक गिऱ्हाईक तसल्या रंगातही घ्यायला तयार झालं. महेश किल्ली आणायला उठला, तर सारिकावहिनी दारातच उभ्या. "माझं नाव लिवलेली गाडी परक्याच्या दारात उभी करणार व्हय?"

तेव्हापासून महेशची गुंतवणूक रोज सकाळी मंडईतनं भाजी आणते.